शे., सै., अ. आणि आमचा पेपर

विदर्भातल्या मुसलमानाचं नाव छापताना सहसा पूर्ण छापत नाहीत. शेखचं 'शे.' होतं, सय्यदचं 'सै.', अब्दुलचं 'अ.', मोहम्मदचं 'मो.'. रेशन कार्डावर, मतदार यादीत, सातबाऱ्यावर असंच, आणि पेपरातही असंच. एका पुण्याच्या मित्राने मला एकदा विचारलं होतं, "तुमच्याकडे सगळेच 'अ.' कसे? अनंत का?" आम्हाला मात्र त्यात कधी काही वावगं वाटलं नाही. लहानपणी जिल्ह्याच्या पानावर डोळे फिरवताना मी बातमी शोधत नसे, हा 'शे.' आणि 'सै.' शोधत असे. सापडला की आधी छातीत धस्स व्हायचं. मग बातमी कसली आहे ते बघायचं. रक्तदान शिबिर असेल तर सुटकेचा श्वास, कबड्डीचा संघ असेल तर आनंद. आमच्या मोहल्ल्यात पेपर वाचायची ही सगळ्यांचीच पद्धत होती, नुसती कुणी बोलून दाखवत नव्हतं.

आमच्या भागात पेपर म्हणजे बराच काळ 'लोकमत'. 'तरुण भारत' यायचा, अकोल्याहून 'देशोन्नती' यायला लागला, पुढे बाकीचेही आले. पण टपरीवर "पेपर आला का बे?" असं कुणी विचारलं तर कोणता, हे सांगावं लागत नसे. याचं एक कारण असं की तो मुळात इथलाच. पुण्या-मुंबईच्या वाचकाला वाटतं तो नागपूरचा किंवा औरंगाबादचा. त्याची नाळ यवतमाळात पुरलेली आहे. १९१८ मध्ये बापूजी अणे यांनी 'लोकमत' हे साप्ताहिक यवतमाळहून काढलं. बापूजी वणीचे. ज्या वणीच्या नावाने हा जिल्हा १९०५ पर्यंत ओळखला जायचा, त्याच गावचे. साप्ताहिकाचं नाव लोकमान्य टिळकांनी सुचवलं, असं पेपर स्वतः अभिमानाने सांगत आला आहे.

या दोन माणसांविषयी मुसलमान वाचक म्हणून मला थोडं थांबून बोलायचं आहे. नाव सुचवणाऱ्या टिळकांनी त्याच्या दोनच वर्षं आधी, डिसेंबर १९१६ मध्ये, लखनौला जिनांबरोबर करार घडवून आणला होता आणि मुसलमानांच्या स्वतंत्र मतदारसंघांना काँग्रेसची मान्यता मिळवून दिली होती. पेपर काढणाऱ्या अण्यांनी १९३४ मध्ये पंडित मालवीयांच्या बरोबरीने काँग्रेस नॅशनॅलिस्ट पार्टी उभी केली, ती मुख्यतः जातीय निवाड्याला विरोध म्हणून. म्हणजे ज्या गोष्टीला गुरूने मान तुकवली, तिच्याविरुद्ध शिष्याने पक्ष काढला. आमच्यातले काही जण हे सांगून 'बघा, पाया कसा आहे' म्हणतात. मला ते पटत नाही. स्वतंत्र मतदारसंघांनी मुसलमानांचं भलं झालं असं मला आज वाटत नाही, तेव्हा त्यांना विरोध करणारा प्रत्येक जण आमचा वैरी ठरत नाही. बापूजींनी आपला विरोध उघडपणे, लिहून-बोलून केला. हाच माणूस १९३० मध्ये पुसदच्या जंगलात गवत कापून तुरुंगात गेला होता. पुढे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात बसला आणि १९४३ मध्ये गांधीजींच्या उपोषणाच्या वेळी तिथून राजीनामा देऊन बाहेर पडला. सरळ रेषेत न बसणारा माणूस होता. त्याच्या साप्ताहिकाचं नाव 'लोकमत' असावं, हे मला शोभून दिसतं.

ते साप्ताहिक पुढे बंद पडलं. स्वातंत्र्यानंतर, पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीला, बाभूळगावच्या जवाहरलाल दर्डांनी त्याच नावाने ते यवतमाळातूनच पुन्हा सुरू केलं. हेही स्वातंत्र्यलढ्यात तुरुंग पाहिलेले. १५ डिसेंबर १९७१ रोजी नागपूरहून 'लोकमत' दैनिक झालं. तारीख लक्षात ठेवण्यासारखी आहे. दुसऱ्याच दिवशी ढाक्यात पाकिस्तानी फौजेने शरणागती पत्करली. पहिल्याच आठवड्यात एवढी मोठी बातमी मिळणं ही कुठल्याही दैनिकाला लॉटरीच. त्या दिवसांत आमच्या वडीलधाऱ्यांनी पेपर कसा वाचला असेल, याचा विचार मी पुष्कळदा करतो. देश जिंकल्याचा आनंद होताच. त्यात आपला आनंद शेजाऱ्याला दिसतोय ना, ही काळजीही मिसळलेली असणार.

मला या इतिहासात वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटते. दर्डा जैन, मारवाडी समाजातले. ज्या वसंतराव नाईकांनी १९६३ पासून ११ वर्षांहून अधिक काळ महाराष्ट्र चालवला, ते पुसदजवळच्या गहुलीचे, बंजारा. त्यांच्या तांड्यावर गोरमाटी बोलतात. केळापूर, झरी, मारेगावकडे जा, कोलामांची कोलामी आहे, गोंडांची गोंडी आहे. पैनगंगा-वर्धेच्या काठाला तेलुगू ऐकू येते. कुणब्याच्या घरी वऱ्हाडी. आमच्या घरी उर्दू म्हणावी अशी उर्दू नाही, "काय कू गया था रे" अशी. या जिल्ह्यात पुस्तकातली मराठी फार थोड्यांची घरची भाषा. बाकी सगळ्यांना ती बाहेरून मिळाली, आणि शाळा सुटल्यावर ती टिकवली कुणी, तर पेपरने. म्हणून मराठी दैनिक हा 'त्यांचा' पेपर आणि आपण त्याचे पाहुणे, हा जो भाव काही मुसलमानांच्या बोलण्यात असतो, तो यवतमाळात तरी लागू पडत नाही. इथे सगळेच थोडेथोडे पाहुणे.

माझे अब्बा जिनिंगमध्ये फिटर होते. शिक्षण उर्दू शाळेत सातवीपर्यंत. मराठी त्यांना पेपरने शिकवली, नगर परिषदेच्या वाचनालयात उभ्याउभ्याने. 'ळ' त्यांच्या तोंडात कधीच बसला नाही; शेवटपर्यंत ते 'यवतमाल' म्हणत. पण 'अधिसूचना', 'मुदतवाढ', 'प्रलंबित' हे शब्द त्यांना नीट कळत आणि योग्य जागी वापरता येत. मोहल्ल्यात कुणाला तहसीलचा कागद आला की तो आमच्या ओट्यावर यायचा. अब्बा चष्मा लावून वाचायचे आणि मग आमच्या बोलीत सांगायचे, "घाबर नको, मुदतवाढ मिली है." ही सगळी मराठी त्यांनी कुठल्या वर्गात बसून घेतली नव्हती.

कापसाची एकाधिकार खरेदी होती त्या काळात पेपरचं महत्त्व वेगळंच होतं. केंद्र कधी उघडणार, ग्रेडर येणार की नाही, चुकारे कधी निघणार, हे पेपरात. बैलगाड्यांची रांग लागायची आणि रांगेत एक पेपर या गाडीवरून त्या गाडीवर जायचा. शेवटच्या गाडीपर्यंत पोचेतो त्याची घडी फाटलेली असायची. त्या रांगेत अर्धं गाव असायचं, त्यात आमचेही लोक, कुणी शेतकरी, कुणी हमाल, कुणी गाडीवान.

पेपर यायचा नागपूरहून. तालुक्यांना जी मिळायची ती डाक आवृत्ती, म्हणजे लवकर छापून लवकर निघालेली. रात्री उशिरा घडलेलं आमच्या अंकात नसायचं. ते नागपूरकरांना आज, आम्हाला उद्या. आणि इकडची बातमी तिकडे जायची ती एस. टी.ने. वार्ताहर जाड कागदाचं पाकीट करायचा, वर मोठ्या अक्षरात 'प्रेस' लिहायचा आणि ड्रायव्हरच्या हातात द्यायचा. यवतमाळच्या स्टँडवर कुणीतरी ते उतरवून घ्यायचं. गाडी पंक्चर झाली की तालुक्याची बातमी एक दिवस शिळी. मग फॅक्स आला, मग ई-मेल, आता वार्ताहर मोटरसायकल बाजूला लावून फोनवरच बातमी टाइप करतो.

वार्ताहर हा प्राणी बाहेरच्यांना नीट माहीत नसतो. त्याला पगार नसतो, असलंच तर नावापुरतं मानधन असतं. कुणाचं किराणा दुकान, कुणाचं झेरॉक्स सेंटर, कुणी शिक्षक. त्याला बातम्याही द्यायच्या असतात आणि जाहिरातीही गोळा करायच्या असतात, पंधरा ऑगस्टच्या, दिवाळीच्या, साहेबांच्या वाढदिवसाच्या. त्याच हिशेबात ईदच्या जाहिराती येतात. चाँदरातीच्या आदल्या दिवशी नगरसेवक, कंत्राटदार, निवडणुकीची इच्छा असलेले सगळे हात जोडून 'ईद मुबारक' म्हणत अर्ध्या-पाव पानावर उभे राहतात. आमच्यातले पोरं यावर हसतात. मी हसत नाही. ज्या गावात ईदला शुभेच्छा देणं हा मतांचा सौदा असतो, ते गाव बरं. काही गावांत आता शुभेच्छा न देणं हाच सौदा झाला आहे, आणि पेपरातला तो रिकामा भाग जाहिरात विभागाच्या आधी आम्हाला दिसतो.

रमजानमध्ये सहेरी-इफ्तारच्या वेळा मराठी पेपरात येतात. आर्णीच्या बाबा कंबलपोशांच्या उरुसाची बातमी येते, फोटोसह, आणि त्यात चादर चढवणारे हात कुणाकुणाचे असतात ते जिल्ह्याला माहीत आहे. हजला निघालेल्यांना हार घातलेले फोटो येतात. निधनवार्ता येते. माझी दादी गेली तेव्हा चार ओळी छापून आल्या होत्या. 'त्यांच्या पार्थिवावर स्थानिक मोक्षधामात' असं तयार वाक्य वार्ताहराच्या हातात बसलेलं असतं. त्याने ते आठवणीने बदलून 'कब्रस्तानात दफनविधी' असं लिहिलं होतं. तो आमच्या गल्लीत लहानाचा मोठा झालेला कुणब्याचा पोरगा, दादीच्या हातचा शीरखुर्मा खाल्लेला. शैलीपुस्तक वगैरे त्याने पाहिलेलं नव्हतं. जिल्हा दैनिकाची खरी ताकद संपादकीयात नसते, ती इथे असते. बातमी लिहिणाऱ्याला तो मोहल्ला माहीत आहे की नाही, एवढ्यावर ती बातमी खरी उतरते.

दादीचीच आणखी एक सवय सांगतो. ईदच्या पुरवणीवर काबाशरीफचा फोटो असे, कधी अरबीत एखादी ओळ. घरातला बाकी पेपर रद्दीत जायचा, भजी बांधायला जायचा, फडताळात अंथरायला जायचा. ते पान दादी काढून घ्यायची. कुराणशरीफच्या रेहलखाली नाही, पण वरच्या फळीवर, जिथे कुणाचा पाय किंवा उष्टा हात लागणार नाही तिथे. तिला मराठी वाचता येत नव्हतं. अरबी अक्षरं अर्थ न कळता वाचता येत होती. मराठी पेपरातलं तेवढं एक पान तिला वाचता यायचं.

२९ नोव्हेंबर २०१५ च्या रविवारी मला ती फळी आठवली. 'लोकमत'च्या 'मंथन' पुरवणीत आयसिसच्या पैशाविषयी लेख होता. लेखाबद्दल वाद नव्हता, आयसिसच्या बाजूने कोण बोलणार? पण सोबतच्या चित्रात डुकराच्या आकाराचा गल्ला होता आणि त्यावर त्या संघटनेच्या झेंड्यातली मुद्रा, जिच्यात अल्लाहचं आणि पैगंबरांचं नाव आहे. राज्यात ठिकठिकाणी लोक रस्त्यावर आले, काही ठिकाणी कार्यालयांवर दगड पडले. दुसऱ्या दिवशी पेपरने माफी मागितली.

तेव्हा मोहल्ल्यात दोन तट पडले. एक म्हणत होता, मुद्दाम केलं. दुसरा म्हणत होता, चुकून झालं, माफी मागितली, विषय संपला. माझं मत दोघांपेक्षा वेगळं होतं आणि अजून आहे. दगड मारणाऱ्यांनी आपलीच बाजू फोडली. ज्याला ते चित्र माहीतही नव्हतं त्याला दगड माहीत झाला. पण 'चुकून झालं' म्हणून विषय संपतही नाही. चुकून होतं, कारण पान छापायला जाण्याआधी ज्यांच्या नजरेखालून जातं, त्यांच्यात ती अक्षरं वाचू शकणारं, निदान त्यांना दचकणारं कुणी नसतं. दादीसारखी एखादी निरक्षर बाई त्या टेबलाशेजारून गेली असती तरी तिने बोट ठेवलं असतं. मराठी दैनिकांना लाखो मुसलमान वाचक चालतात, तालुक्याला मुसलमान वार्ताहरही चालतो. उपसंपादकाच्या टेबलावर, जिथे शब्द आणि चित्र निवडलं जातं, तिथे किती दिसतात? हा प्रश्न एका पेपरापुरता नाही, कुठल्याही घराण्याचा किंवा विचारसरणीचा पेपर घ्या.

आमच्या चाचांनी त्या आठवड्यात पेपर बंद केला. महिनाभराने परत लावला. कारण विचारलं तर म्हणाले, "अरे, तुरीचा भाव कळत नाही."

चित्रापेक्षा जास्त त्रास मला एका शब्दाने दिला आहे. तो शब्द 'गट'. आमच्याच गावातली गोष्ट. चहाच्या टपरीवर उधारीवरून दोघांत जुंपली, एक आमच्यातला, एक माळीपुऱ्यातला. एकाचं डोकं फुटलं, तीन टाके पडले. दुसऱ्या दिवशी एका पेपरात मथळा आला: 'दोन गटांत हाणामारी, शहरात तणावपूर्ण शांतता'. तोवर गावात ना गट होते ना तणाव. मथळा वाचून दुपारी दुकानं बंद झाली, संध्याकाळी पोलिसांची गाडी येऊन चौकात उभी राहिली, आणि मग खरोखर तणाव आला. अम्मीने त्या रात्री मला मागच्या दाराने मामूकडे पाठवलं होतं. तिसऱ्या दिवशी दुसऱ्या पेपरच्या वार्ताहराने सहा ओळींची बातमी दिली: भांडण उधारीचं, रक्कम एवढी, दोघांची नावं अशी, समझोता झाला. 'शे.' होता आणि समोरच्याचंही पूर्ण नाव होतं. त्या सहा ओळींनी पोलिसांच्या गाडीपेक्षा जास्त काम केलं. दंगलीत समाजाचं नाव लिहू नये, हा संकेत चांगल्या हेतूने आलेला आहे, हे मला माहीत आहे. पण नाव झाकून 'विशिष्ट समाज' म्हटलं की वाचणारा आपल्या मनातला समाज तिथे भरतो. उधारीच्या भांडणाला उधारीचं भांडण म्हणणं हा त्यावरचा जुना आणि सोपा उपाय आहे.

जिल्ह्याचं पान काय करू शकतं ते २०१७ च्या पावसाळ्यात दिसलं. कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन माणसं यवतमाळच्या सरकारी दवाखान्यात भरती होऊ लागली. वीसपेक्षा जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो जणांना बाधा झाली, काहींची नजर गेली. राजधान्यांमध्ये त्याचा गाजावाजा ऑक्टोबरात झाला. इकडे तोवर छोट्या छोट्या बातम्या, एकेका गावच्या नावाने, साचत आल्या होत्या. एकेक बातमी दुर्लक्ष करण्याजोगी, पण त्या सलग वाचणाऱ्याला काय चाललंय ते कळत होतं. असं सलग वाचायला रोज तेच पान हातात यावं लागतं.

२०२० च्या वसंतात ते आलंच नाही. टाळेबंदीत छपाई आक्रसली, एप्रिलमध्ये सरकारने घरोघरी पेपर टाकायला काही काळ मनाई केली. नेमके तेच दिवस तबलिगी जमातीच्या नावाने देशभर आरडाओरडा चालू होता. टीव्ही चालू, व्हॉट्सअॅप चालू, आणि पेपर नाही. आमच्या भाजीवाल्याला एका वस्तीत आधार कार्ड मागितलं गेलं. त्याला ओळखणारा, गावचा, नाव लिहून 'हा इथलाच' म्हणणारा वार्ताहर घरी बसलेला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने परदेशी तबलिगींवरचे गुन्हे रद्द केले, त्यांना बळीचा बकरा केलं गेलं असं म्हटलं आणि माध्यमांच्या प्रचारावरही कडक ताशेरे ओढले. ती बातमी मराठी पेपरांनी छापली, मी कात्रण ठेवलं आहे. भाजीवाल्याला ते दाखवलं तर तो म्हणाला, "अब दिखा के क्या फायदा, भाई? गाडा तो बेच दिया."

आता पेपर येतो, पण पोरं तो हातात घेत नाहीत. पहाटे गटांवर पीडीएफ फिरते, नाहीतर एखाद्या बातमीचा कापलेला फोटो, वरचं नाव आणि तारीख कापून. जुनी बातमी आजची म्हणून फिरवायला हे फारच सोयीचं. त्यामुळे मोहल्ल्यात एक नवं काम तयार झालं आहे: कात्रण खरं की खोटं ते बघायचं. हे काम माझ्या पुतणीने घेतलं आहे. ती उर्दू माध्यमातून दहावी झाली, आता एमपीएससीची तयारी करते. वाचनालयात रोज तीन पेपर वाचते आणि 'ळ' स्वच्छ म्हणते. गटात फोटो आला की ती जिल्ह्याचं पान काढून तारीख टाकते, कुठल्या पेपरचं, किती नंबरचं पान तेही लिहिते. मोठी माणसं तिच्यावर वैतागतात, पण पुढे पाठवण्याआधी तिला विचारतात.

मागच्या पावसाळ्यात कब्रस्तानच्या रस्त्यावर इतका चिखल झाला की जनाजा खांद्यावर घेऊन चालणारे घोट्यापर्यंत रुतत होते. नगर परिषदेत अर्ज देऊन झाले होते. पुतणीने स्वतः बातमी लिहून तालुक्याच्या वार्ताहराला पाठवली, सोबत दोन फोटो. चौथ्या दिवशी आतल्या पानावर आली, तळाला, जाहिरातीच्या शेजारी. आठवड्याने ट्रॅक्टरने मुरूम येऊन पडला. तिच्या नावातल्या शेखचं 'शे.' झालं होतंच, शिवाय एक वेलांटी चुकली होती. तिने पेन घेऊन घरच्या अंकात ती दुरुस्त केली आणि पान वरच्या फळीवर ठेवलं.